पितामहीचं नाव

म्हाळाच्या आदल्या रात्री तात्या पाठकोऱ्या कागदावर नावं लिहून ठेवतात. पितृपक्षात गुरुजींना दिवसाला चार-पाच घरं असतात, ते घाईत येतात आणि तात्यांना हल्ली ऐनवेळी काही आठवत नाही. वडिलांचं नाव, आजोबांचं, पणजोबांचं. मग आईचं. त्याखाली एक मोकळी ओळ.

सकाळी गुरुजी विचारतात, "पितामही?" म्हणजे वडिलांची आई. तात्या हातातल्या कागदाकडं बघतात, मग माझ्याकडं. गुरुजींनाही आता सवय झाली आहे. "गंगा म्हणा," असं ते सांगतात, आणि तात्यांच्या आजीला दरवर्षी गंगा या नावानं तीळपाणी मिळतं.

लहानपणी मला वाटायचं की तिचं नाव खरंच गंगा होतं. आबा, म्हणजे माझे आजोबा, जिवंत होते तेव्हा मी एकदा त्यांच्याजवळ बसून विचारलं होतं, "आबा, तुमच्या आईचं नाव गंगा ना?" ते सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला. म्हणाले, "आई म्हनायचो की. नाव कुनी घेतंय?" आणि थोड्या वेळानं, "मानमोडीत ग्येली समदी." यापुढं त्यांनी कधी काही सांगितलं नाही. ते वारले तेव्हा मी बारा वर्षांची होते.

मानमोडी म्हणजे १९१८ची इन्फ्ल्युएंझाची साथ. महायुद्धावरून परतणाऱ्या जहाजांबरोबर जूनमध्ये ती मुंबईत उतरली, आधी सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी लाट आली ती माणसं कापत गेली. मान आणि अंग मोडून यायचं म्हणून लोकांनी नाव दिलं मानमोडी. त्या साली पाऊसही दगा देऊन गेला होता, कणग्या रिकाम्या होत्या. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या वर माणसं गेली. देशभरातला अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातो. आजच्या भारताच्या हद्दीत १९११च्या जनगणनेला २५ कोटी २१ लाख लोक होते, १९२१ला २५ कोटी १३ लाख. जनगणना सुरू झाल्यापासून देशाची लोकसंख्या घटली ते हे एकच दशक.

हे आकडे मला बरीच वर्षं माहीत होते. आमचं घर त्या आकड्यांत कुठं आहे, हे शोधायला मात्र मी पन्नाशी ओलांडल्यावर लागले.

निमित्त वेगळंच झालं. २०२३च्या शेवटी आमच्या भागातली निम्मी माणसं तहसील कचेरीत कुणबी नोंदी शोधत होती. माझे दोन चुलतभाऊही त्यात होते. जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही, गाव नमुना १४, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, ती अचानक सगळ्यांच्या तोंडी आली. ज्या वह्यांकडं इतकी वर्षं कुणी फिरकलं नव्हतं त्यांच्यासाठी सकाळी सातपासून रांग लागायची. बहुतेक नोंदी मोडीत, म्हणून मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मान आला. भावांना जातीचा रकाना हवा होता. मी त्यांच्याबरोबर गेले ते मृत्यूच्या कारणाचा रकाना बघायला.

आमचं गाव तासगाव तालुक्यात. आज सांगली जिल्हा. पण १९४९पर्यंत तासगाव सातारा जिल्ह्यात होतं. त्या साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६०ला त्याचं सांगली हे नाव पडलं. शोधणाऱ्यानं हे आधी पक्कं करून घ्यावं, नाहीतर भलत्याच ठिकाणी महिने जातात. त्यात आमचा मुलूख म्हणजे गोधडीच. हे गाव इंग्रजांचं, शिवेपलीकडचं सांगली संस्थानाचं, त्यापुढचं मिरजेचं, मध्येच औंधाचा एक तुकडा, पूर्वेला जत. सोयरिकी मात्र शिवा बघून होत नसतात. मुलगी एका राज्यात जन्मायची, दुसऱ्यात नांदायची आणि तिची कागदं, असलीच तर, दोन दप्तरांत वाटली जायची.

तासगावच्या एका निवृत्त शिक्षकांनी आमच्यासाठी मोडी वाचली. बोट ओळीखाली ठेवून ते सावकाश वाचत. १९१८च्या उन्हाळ्यापर्यंत महिन्याला दोन-चार ओळी. म्हातारपण, हगवण, बाळंतपण. मग आश्विन लागतो आणि पानं भरतात. ताप. ताप. ताप. त्यांनी वाचायचं थांबून पाण्याची बाटली तोंडाला लावली. पुन्हा ताप.

त्या काळच्या नोंदींत मरणाची कारणं ठरलेली असत. पटकी म्हणजे कॉलरा, देवी, प्लेग, हगवण, इजा आणि ताप. पाटील-कुलकर्णी काही डॉक्टर नव्हते. ज्याचं नाव माहीत नाही ते सगळं तापात जायचं. मानमोडीला तर स्वतःचा रकानाच नव्हता. म्हणून १९१८चा ताप आणि १९१२चा ताप कागदावर सारखाच दिसतो, फरक कळतो तो ओळींच्या दाटीवरून. तारखा बघायच्या. आठवड्याभरात एका आडनावाची चार-पाच माणसं गेली असतील तर ती साथ. उन्हाच्या अखेरीला किंवा पहिल्या पावसात गेली असतील तर बहुधा पटकी. थंडीत, आणि गाव रानात राहायला गेल्याची आठवण घरात असेल, तर प्लेग.

ऑक्टोबराच्या मध्यावर अक्षर बदललं. आधीचं अक्षर रेखीव, कलतं. पुढचं जाडं, नवशिकं. शिक्षक म्हणाले, "लिहिणारा गेला असावा, नाहीतर अंथरुणाला खिळला असावा." त्यानंतर काही दिवस कोरे. गावात त्या दिवसांत कुणी मेलं नाही असा त्याचा अर्थ घेतला तर फसगत होते. साथ शिगेला असते तेव्हा नोंद सगळ्यात कच्ची असते, कारण लिहिणाराही त्याच गावात राहत असतो. कोऱ्या जागेनंतर एकाच शाईनं, एकाच बैठकीत घातलेल्या ओळी होत्या. जो तो आठवून सांगत असणार आणि तो नवशिका लिहीत असणार.

त्या ओळींत आमचे पणजोबा सापडले. पूर्ण नाव, वय अंदाजे तीस, ताप. त्याखाली, "मजकुराची," म्हणजे वर लिहिलेल्याची, "बायको. ताप." आणि त्याखाली, "मजकुराची मुलगी, वय ३. ताप."

मुलगी. आबांना एक बहीण होती, हे आमच्या घरात त्या दिवसापर्यंत कुणालाही माहीत नव्हतं. आबांना तरी आठवत होतं का? ते त्या वेळी सहा वर्षांचे. सहा वर्षांच्या मुलाला तीन वर्षांची बहीण आठवत नाही असं कसं होईल. संध्याकाळी तात्यांना सांगितलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "मला आत्या होती म्हणायची."

या मानमोडीची एक गोष्ट वाचताना पोटात खड्डा पडतो. बाकीच्या साथी पोरं आणि म्हातारी उचलत. हिनं वीस ते चाळीस वयाची, घर चालवणारी माणसं जास्त उचलली. आपल्याकडं त्यातही पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. आजाऱ्याच्या उशापायथ्याशी त्याच, ताप अंगावर काढून चुलीपुढं त्याच, आणि ताटात शेवटी उरेल ते खाणाऱ्याही त्याच. १९१८च्या अनाथांच्या घरातून जी वंशावळ पुढं आली तिच्यात म्हणून आईची जागाच आधी पुसली गेली.

आपल्या वंशावळी मुळात बायकांना धरून ठेवण्यासाठी बांधलेल्या नाहीत. आमच्याकडं सुगीनंतर हेळवी येतो. पूर्वी बैल घेऊन यायचा, हल्ली मोटारसायकलवरून येतो. कानडी वळणाच्या मराठीत तो कुळाची नावं म्हणतो, बाडात बघून पुढची नावं घालून घेतो, धान्य-पैसे, कधी घोंगडं घेऊन पुढच्या गावाला जातो. त्याचं ऋण मोठं आहे. त्याच्याशिवाय मला चौथ्या पिढीमागचं काहीही कळलं नसतं. पण त्याच्या बाडात बाप-मुलगा, बाप-मुलगा अशी सरळ दोरी असते. ज्याला मूल झालं नाही त्याच्यापुढं "निर्वंश" लिहून दोरी तुटते. साथीत गेलेली पोरं तर तिथवर पोचतच नाहीत. हेळवी वर्षाआड आला आणि मधल्या काळात एखादं मूल जन्मून देवीनं गेलं, तर ते कुठंच लिहिलं जात नाही.

मी आमच्या बाडातल्या चार "निर्वंश" चुलत-चुलत आजोबांची वर्षं जुळवून बघितली. त्यातले दोघं त्याच आश्विनातले होते.

प्लेगनं आणखी वेगळी कोडी घालून ठेवली आहेत. १८९६च्या पावसाळ्यानंतर मुंबईत मांडवीत तो दिसला आणि रेल्वेनं, पायवाटांनी घाटावर आला. मुंबईच्या गिरण्यांत सातारकडचे हजारो लोक होते, ते जीव घेऊन गावाकडं पळाले. पुढच्या पंचवीस वर्षांत देशात सुमारे एक कोटी माणसं त्यात गेली. खंडाळा तालुक्यातल्या नायगावची लेक सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ला गेल्या. सातारा जिल्ह्यात जन्मून प्लेगात गेलेल्या बायका असंख्य असतील, पण दिवस, महिना, साल असं पक्कं माहीत असलेली मला ही एकच आठवते. म्हणून ती तारीख मी दरवर्षी आवर्जून उच्चारते.

आजी सांगायची, घरात उंदीर पडला की गाव मोकळं करायचं. गोठ्यातली जनावरं, जातं, पोरं असं सगळं रानात. पाल्याच्या खोपटात दोन-तीन महिने काढायचे. पण काही घरं परत आलीच नाहीत, मळ्यातच राहिली. आमच्याकडच्या अनेक मळ्यावरच्या वस्त्या अशा प्लेगातल्या आहेत. आज त्या घरातला कुणी पूर्वज शोधायला निघाला तर तो वस्तीचं नाव घेऊन शोधतो आणि १९००च्या आधी त्या नावाचं काही सापडत नाही. सापडणार कसं, ते सगळे गावठाणात नांदत होते.

शिवाय लोकांनी मरण लपवलं. १८९७च्या साथरोग कायद्यानंतर घरात प्लेग निघाला म्हणजे आजारी माणूस दवाखान्यात, बाकीचे छावणीत, सामानाची जाळपोळ. सोजिरांनी पुण्यात घरं कशी तपासली त्याच्या गोष्टी घाटाखालीही पोचल्या होत्या. लोक रात्रीत माणूस पोचवून यायचे आणि विचारलं तर "पाहुण्याकडं गेलाय" म्हणायचे. तो पाहुण्याकडं गेलेला माणूस अजून तिकडंच आहे. त्याच्या वारसाच्या फेरफारात, म्हणजे जमीन वारसाच्या नावावर करायच्या नोंदीत, एकदम दहा वर्षांनी "पूर्वी मयत" असं येतं. वारीचंही तसंच. पंढरपुरात आषाढीला पटकी फुटली की वाटेत गेलेल्या वारकऱ्याची नोंद ना पंढरपुरात नावानिशी, ना गावात.

माणसामाणसाची जनगणनेची पानं आपल्याकडं जपलेली नाहीत, बेरजा तेवढ्या राहिल्या. म्हणून आपल्याला जमिनीच्या कागदांकडं जावं लागतं. मुंबई इलाख्यात १९०३च्या कायद्यानं हक्कनोंदणी आली. तेव्हापासूनचे फेरफार माझ्या मते साथींचा सगळ्यात प्रामाणिक इतिहास आहेत, कारण माणूस लपवता येतो, जमीन नाही. त्यात तीन अक्षरं बघत जा: अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता. वयात न आलेल्या खातेदाराला तेव्हा "अज्ञान" म्हणत आणि त्याच्यामागं पालकाचं नाव लावत. १९१९, १९२०च्या फेरफारांच्या वह्या उघडल्या की ही अक्षरं पानोपानी दिसतात. मला तर ती वाचताना शाळेच्या पटावर ओळीनं बसलेली पोरं दिसली.

आमचा फेरफार १९१९चा. "खातेदार मयत. वारस मुलगा १, अज्ञान, वय अंदाजे ६. अ.पा.क. मामा." पुढं मामाचं नाव आणि राहणार आटपाडी महाल.

मामा! भाऊकी असताना मामाला पालक लावायची वेळ यावी म्हणजे घरात मिशीला पीळ द्यायलाही कुणी उरलं नव्हतं. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात. इंग्रजी मुलखातलं पोरकं पोर शीव ओलांडून पंतप्रतिनिधींच्या राज्यात गेलं आणि तिथं वाढलं. आबांच्या बोलण्यात मधूनच माणदेशी शब्द यायचे. आम्ही पोरं हसायचो त्याला. ते शब्द कुठून आले असा विचार तेव्हा कधी केला नाही.

आजोळ सापडलं म्हणजे पणजीचं नावही सापडेल, असा माझा भाबडा हिशेब होता. तात्यांना गाडीत घालून आम्ही गेलो. मामांच्या पणतवाकडं वंशावळ होती, छान लॅमिनेट केलेली. पण तीही त्यांच्या हेळव्याच्या बाडातून उतरवलेली, त्यात लेकी कशा असणार? नावं बदलायची चाल तर आहेच. माहेरचं नाव सासरी टिकत नाही, सासरचं नाव माहेरी कुणी उच्चारत नाही, नवरा घेत नाही आणि लेकरू आई म्हणतं. साथ एकदा येऊन गेली की नाव माहीत असलेली दोन-चार माणसंही जातात.

जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर बघायला मिळालं. आबांचं नाव होतं. पाळण्यातलं नाव तिथंच कळलं, दगडू. पोरं जगत नसली की दगडू, धोंडू, भिकू अशी नावं ठेवत, मरणानं ढुंकून बघू नये म्हणून. म्हणजे आबांच्या आधीही कुणीतरी गेलेलं होतं. जगायला लावलेलं ते नाव मोठेपणी त्यांनी टाकून दिलं. आईच्या नावाचा रकाना त्या रजिस्टरात नव्हताच. गेल्या वर्षी माझ्या भाचीला मुलगी झाली. १ मे २०२४ नंतरची म्हणून तिच्या दाखल्यावर तिचं नाव, मग आईचं, मग बापाचं, अशी ओळ आहे. तो कागद मी उगाच दोन-तीनदा हातात घेऊन बघितला.

सातारा तालुक्यातल्या अपशिंगे गावात पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. ते व्हायलाच हवं होतं. मी तिथं उभी राहिले तेव्हा मनात आलं ते एवढंच की ज्या शरदात युद्ध संपत होतं त्याच शरदात त्यांच्यासारख्याच शिपायांच्या आया, बायका, बहिणी घरोघरी तापानं जात होत्या.

आमच्या देवघरात खंडोबा, जोतिबा, भवानीच्या टाकांशेजारी एक चांदीचा लहान टाक आहे. बाईची आकृती, घासून घासून नाक-डोळे गेलेले. आजी दसऱ्याला चिंचेनं उजळायची. एकदा तिनं सांगितलं होतं, "ही सासूबाईंची." आबांनी आटपाडीहून परतल्यावर, पहिलं पीक हाती आलं तेव्हा, सोनाराकडून करून घेतला म्हणे. नाव माहीत नसलेल्या आईचा टाक त्यांनी घडवला आणि रोज तिला हात जोडले.

२०२१च्या एप्रिलात माझा एक चुलतभाऊ कोरोनानं गेला. सांगलीच्या दवाखान्यात. गावाकडचं कुणीही शेवटच्या प्रवासाला नव्हतं. मृत्यू जिथं होतो तिथं नोंदवला जातो, म्हणून त्याचा दाखला महापालिकेचा आहे. ग्रामपंचायतीच्या वहीत त्या महिन्यात आमच्या आडनावापुढं काहीच नाही. शंभर वर्षांनी कुणी आमच्या गावची वही उघडली तर तिला तो सापडायचा नाही. मी त्याचं नाव, गाव, तारीख, दाखला कुठला, हे सगळं हेळव्याकडून घालून घेतलं आणि माझ्या वहीतही लिहिलं. त्याच्याखाली "मुलगी, वय ३, आश्विन १९१८" हेही लिहिलं.

आटपाडीहून निघताना मामांच्या घरातल्या सगळ्यात वयस्क बाई, नव्वदीच्या असतील, उंबऱ्यापर्यंत आल्या. तात्यांच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाल्या, "आक्काच्या ल्योकाचा तू?"

मी विचारलं, "आक्का कोण?"

"आमचा आजा तुझ्या आज्याला तसंच हाक मारायचा की. आक्काचा ल्योक. म्हातारपनापातूर. जेवाय वाढलं की म्हनायचा, आधी आक्काच्याला वाढा."

"आणि आक्काचं नाव?"

त्यांनी मान हलवली. "आक्काच."

यंदा सर्वपित्रीच्या आदल्या रात्री तात्यांनी नेहमीसारखा कागद घेतला. मी शेजारी बसून चष्मा पुसून दिला. सकाळी गुरुजी आले, पाट मांडला, वडिलांची बाजू झाली, आईचं नाव झालं.

"पितामही?" गुरुजींनी विचारलं आणि लगेच, "गंगा म्हणा."

"थांबा," तात्या म्हणाले. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "आक्का."

गुरुजींनी क्षणभर त्यांच्याकडं बघितलं. मग गोत्र लावून मंत्रात आक्का घातलं आणि म्हणाले, "सोडा पाणी."